कोपराची खूण

"म्हातारीला घरातून हलवलंच नाही रे त्यांनी. त्या नव्या ओट्याखाली अजून ती..."

सुतार एवढं बोलला आणि गप्प झाला, कारण जिन्याच्या वळणावर काकू उभ्या होत्या, हातात भाजीची पिशवी घेऊन. त्याच्या सोबतचा रंगारी उगाचच डब्याचं झाकण घट्ट करायला लागला.

"ओट्याखाली काय?" काकूंनी विचारलं.

"काही नाही, काकू. मुठी बसवायच्या राहिल्यात."

"मुठींना म्हातारी कधीपासून म्हणायला लागलास?"

पण सुतार हसला नाही. हत्यारांची पेटी खांद्यावर टाकून तो असा उतरला, की दोन-दोन पायऱ्या एकदम घेत होता. काकू तिथंच खिळल्या.

आता काकूंबद्दल थोडं सांगायला हवं. माणूस मायाळू. कुणाच्या घरी ताप आला तर पेज घेऊन पहिल्या हजर होणाऱ्या. पण कान मात्र सदा दुसऱ्याच्या दाराला. त्यांचे यजमान म्हणायचे, "आपल्या घराला कुत्रा नको, ही आहे." इमारतीत कुणी शिंकलं तरी काकूंना कळायचं, आणि नेमकी शेजारची आजी कधी गेली ते मात्र त्यांना कळलं नव्हतं. सूनबाईनं आपणहून सांगितलं होतं, "आई ताईंकडे गेल्यात. काम होईपर्यंत." ताई म्हणजे आजींची मुलगी, दुसऱ्या गावात राहणारी. पण सामान उतरताना दिसलं नाही, रिक्षा दिसली नाही, आजी दारात येऊन "येते गं" म्हणाल्या नाहीत. हे काकूंना टोचत होतंच. त्यात सुताराचं हे अर्धं वाक्य.

अर्धं ऐकलेलं काकूंनी वरच्या मजल्यावर पूर्ण करून सांगितलं. संध्याकाळपर्यंत ते सगळ्या जिन्यात झालं.

शेजारचं नवं स्वयंपाकघर मात्र दृष्ट लागावी असं झालं होतं. सूनबाई कितीतरी महिने त्याच्याच मागे होती. चकचकीत रंग नकोत, आज आहे उद्या नाही असली फॅशन नको. गडद दगडाचा ओटा, खिडकीखाली खोल सिंक, साध्या पांढऱ्या टाइल्स, खाली लाकडी कप्पे, त्यांना पितळी मुठी, वर एकच लांब उघडी फळी. कप्पे असे, की जरा ढकलले की पुढे आपले आपण, आवाज न करता, बंद व्हायचे. "काकू, मला असं हवंय की पुढं कितीही वर्षं गेली तरी हे जुनं वाटता कामा नये," ती म्हणायची. "या स्वयंपाकघराला वय दिसायला नको."

तिच्या मनात वाईट काही नव्हतं. पण ती हे बोलायची तेव्हा आजी तिथंच बसून शेंगा सोलत असायच्या.

आणि एक गोष्ट होती, जी काकूंनी वरच्या मजल्यावर सांगितली नव्हती. ओट्याचं माप घ्यायचं होतं तो दिवस.

माप घ्यायची सुताराची एक पद्धत होती. जिनं तिथं राबायचं तिला भिंतीपाशी उभं करायचं, हात कोपरात वाकवायला सांगायचं आणि कोपराच्या टोकाशी भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारून शेजारी एक तिरकी फुली करायची. ओटा त्या रेघेच्या चार बोटं खाली. म्हणजे कंबर दुखत नाही, खांदे भरून येत नाहीत. त्या दिवशी सूनबाईला ऑफिसातून निघता येईना. तिनं फोनवर सांगितलं, "काकू माझ्याच उंचीच्या आहेत. त्यांना उभं करा."

काकूंना केवढा मान वाटला! केस सारखे करून त्या भिंतीपाशी उभ्या राहिल्या, हात वाकवला. तेवढ्यात आतून आजी आल्या. बाह्या वर सारलेल्या. त्या काकूंच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या, पाठ भिंतीला टेकवली आणि त्यांनीही हात कोपरात वाकवला. शाळेत उंची मोजताना पोरं उभी राहतात तशा. तोंडावर लाजरं हसू. त्यांचं कोपर काकूंच्या कोपराच्या बरंच खाली होतं.

सुतारानं पेन्सिल हातात धरून काकूंकडे पाहिलं. आता काय करू, असं.

आणि काकू म्हणाल्या, "अहो आजी, तुमचं माप कशाला आता? तुम्ही आता बसून खायचं!"

सगळे हसले. आजीही हसल्या. मग त्यांनी हात हळूच खाली घेतला आणि कोरडाच हात कपड्याला पुसला.

तो पुसलेला हात काकूंना अधूनमधून आठवायचा. विशेषतः स्वतःच्या ओट्याशी कणीक मळताना.

जिन्यात सुतार भेटला त्या आठवड्याच्या शेवटी सूनबाई आणि तिचा नवरा गावाला निघाले. जाताना तिनं काकूंकडे किल्ली दिली.

"गॅलरीतल्या झाडांना तेवढं पाणी घाला, काकू. बाकी काही नाही."

"घर झाडून ठेवू का?"

"नको, नको." ती घाईनं म्हणाली. मग खाली बघत, "स्वयंपाकघराचं दार मी ओढून घेतलंय. तिथं जाऊ नका... पॉलिश ओलं आहे अजून."

पॉलिश होऊन किती दिवस झाले ते काकूंना पक्कं माहीत होतं. वास जिन्यात येऊन गेला होता.

पहिल्या दिवशी त्यांनी झाडांना पाणी घातलं आणि परत आल्या. स्वतःचंच कौतुक वाटलं त्यांना. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीच्या सुमाराला त्या पुन्हा गेल्या. गॅलरीत पाणी घालता घालता आवाज आला.

थप्.

थोडं थांबून, थप्... थप्.

ओल्या, जड गोळ्यावर तळहात पडल्यासारखा. काकूंनी आयुष्यभर तोच आवाज काढला होता, ओळखायला वेळ लागला नाही. कुणीतरी कणीक मळत होतं.

सुताराचं वाक्य, वरच्या मजल्यावर आपण जोडलेला त्याचा शेवट, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं. आत्ता निघून गेलं असतं तर बरं झालं असतं. पण पाय निघेनात. खोटं कशाला बोला, भीतीपेक्षा उत्सुकता मोठी होती. आणि आजींना खरंच काही झालं असेल तर? कुणीतरी बघायला नको का? अशी स्वतःची समजूत काढत त्यांनी ओढलेलं दार लोटलं.

आत काळोख नव्हता. सिंकवरच्या खिडकीतून राखाडी उजेड येत होता. ओटा स्वच्छ, कोरडा, वर एक चमचासुद्धा नाही. फळीवर बरण्या ओळीनं. पॉलिशचा वास नव्हताच. वास होता ताज्या भिजवलेल्या पिठाचा.

थप्.

आवाज ओट्यावरून येत नव्हता. ओट्याच्या खालून येत होता. लाकडी कप्प्यांच्या आतून.

काकू वाकल्या. कप्प्यांच्या दर्शनी फळ्यांवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक ओलसर रेघ उठली होती. सरळ, एका पातळीत. जणू तिथं एखाद्या ठेंगण्या ओट्याची कड होती आणि कुणी ओल्या फडक्यानं ती नुकतीच पुसून घेतली होती. रेघेच्या वर पिठाचे बारीक ठसे. बोटांचे. रेघेच्या खाली लाकूड कोरडं ठणठणीत.

काकूंनी पितळी मूठ धरली. मूठ गरम होती, कुणाच्या तरी हातातून आत्ताच सुटल्यासारखी. त्यांनी कप्पा ओढला.

आत पिठाचा गोळा होता. मऊ, अर्धा मळलेला, बोटांच्या खळग्यांसकट. काकू बघत होत्या आणि त्यातली एक खळगी आणखी खोल झाली.

मग कप्पा बंद झाला. हे कप्पे आपले आपण बंद होतात हे काकूंना माहीत होतं. पण ढकलल्याशिवाय नाही. हा आतून ओढला गेला, घाईघाईनं, कपडे बदलताना कुणी अचानक आलं की आपण दार ओढून घेतो ना, तसा. आणि फटीतून, अगदी हळू, ओशाळलेला आवाज आला...

"बघू नकोस गं... पसारा आहे..."

काकू ओरडल्या नाहीत. ओरडण्यासारखं काही नव्हतंच. दार ओढून त्यांनी बाहेरून किल्ली लावली. आजींचा आवाज होता तो. आणि त्यात राग नव्हता. आपल्याच मुलाच्या घरात चोरून पीठ मळताना सापडलेल्या बाईचा आवाज होता तो. राग असता तर काकूंना सोपं गेलं असतं.

सूनबाई परत आली तेव्हा काकू किल्ली द्यायला गेल्या. सोफ्यावर टेकल्या, प्रवास कसा झाला वगैरे विचारलं. सूनबाई मात्र त्यांच्या बाहीकडे बघत होती. कोपरापाशी पिठाचा पांढरा पट्टा होता. काकूंनी बाही दोनदा धुतली होती.

"तुम्ही आत गेलात," सूनबाई म्हणाली.

काकूंनी मान खाली घातली.

"मी रोज पुसते, काकू." सूनबाईचा आवाज एकदम बसला. "हे घरी यायच्या आत. ह्यांना कळू नये म्हणून. सुतारानं पाहिलं एकदा, तेव्हापासून तो येत नाही. आणि जिन्यात लोक काय बोलतात तेही माझ्या कानावर आलंय... मी त्यांना मारलं म्हणे. कुणी उठवलं असेल हो हे?"

काकू बाहीवरचा पट्टा नखानं खरवडायला लागल्या.

"काम झाल्यावर बोलवणार होते. खरंच. पण ओटा बघितला आणि... त्यांच्या छातीपर्यंत येतो तो, काकू. कुठल्या तोंडानं बोलवू?"

"माप माझं घेतलं होतं," काकू पुटपुटल्या. "त्या शेजारी उभ्या होत्या. हात वाकवून. मीच म्हटलं..." पुढचं त्यांना सांगवलं नाही.

सूनबाई त्यांच्याकडे बघतच राहिली. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. मग तिनं नणंदेला फोन लावला आणि दोघींना ऐकू येईल असा मधे ठेवला.

"आई ना? बरी आहे की, वहिनी," ताई म्हणाल्या. "जेवते, झोपते, टीव्हीवाल्यांना नावं ठेवते. त्या दिवशी पहाटेच्या गाडीनं आणलं, तेव्हापासून एकदाही आजारी नाही. फक्त... संध्याकाळी जाऊन भिंतीपाशी उभी राहते. पुढ्यात काही नसतं, पण हात चालू असतात. मी म्हटलं, वय झालं, चालायचंच. पण काल हात धरून वळवलं तर कोपरापर्यंत पीठ, गं. ओलं. माझ्या घरात पिठाचा डबा कुठं आहे ते तिला माहीतसुद्धा नाही."

म्हणजे सुतार म्हणाला ते खरं निघालं, पण अर्धंच. म्हातारी गेली होती. धडधाकट होती. आणि तरीही गेलेली नव्हती. काकूंनी जोडलेलं अर्धं मात्र पूर्ण खोटं होतं, आणि ते अजून जिन्यात फिरत होतं.

"आईंना द्या ना," सूनबाई म्हणाली. मग रडवेल्या आवाजात, "आई, परत या. मी ओटा खाली करून घेते. फोडते तो."

"छे गं," आजींचा आवाज आला, नेहमीसारखा, मऊ. "एवढा सुंदर झालाय. नको फोडू. मला तिथं जमत नाही आता. परवा पाहुणी आली आणि मला मेल्यासारखं झालं. सगळा पसारा... शेजारीण आहे का तिथं?"

काकू फोनजवळ सरकल्या. "आहे, आजी. आजी, माझं चुकलं. त्या दिवशी..."

"तू फक्त उभी राहिलीस गं. तुझं काय चुकलं?" मग, "तुझ्याकडचा ओटा जुनाच आहे ना? बुटका?"

"हो..."

"मग मी तुझ्याकडे येत जाऊ का? अडचण नाही ना तुझी?"

सूनबाईनं तोंडावर हात धरला. नाही म्हणायला हवं होतं. काकूंना ते कळत होतं. पण भिंतीपाशी वाकवलेला तो हात डोळ्यांसमोर आला, कोरडाच पुसलेला, आणि नाही म्हणायचं तोंडच त्यांना उरलं नाही.

"या ना, आजी," काकू म्हणाल्या. "केव्हाही या."

घरी आल्या तेव्हा यजमान पेपर वाचत होते. "काय बातमी आज?" त्यांनी चिडवलं. काकू काही न बोलता आत गेल्या. दिवा लावला.

त्यांच्या ओट्याशेजारच्या भिंतीवर पेन्सिलीची एक रेघ होती. शेजारी तिरकी फुली. या घरात सुतार कधी आला नव्हता. काकू भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात कोपरात वाकवला. रेघ त्यांच्या कोपराच्या बरीच खाली होती.

ओट्यावर सकाळची भांडी तशीच पडली होती, चहाचे डाग, कांद्याची सालं. बाहेर संध्याकाळ उतरत होती. काकूंनी एकदा दाराकडे पाहिलं आणि घाईघाईनं पसारा आवरायला लागल्या.