प्रवाहातली पकड

"पंप बिघडलाय असं लिहायला आला असाल, तर आल्या पावली परत जा!"

दारातला पंप दुरुस्तीवाला पेटी सावरत हसला. "अहो, भांडण नक्की कुणाशी आहे? पंपाशी, की माझ्याशी?"

तिलाही हसू आलं... पण तिने ते गिळलं. सहा महिने ती या प्रयोगशाळेत, आपल्या संशोधनासाठी, लेप दिलेल्या काचेवरून रक्तातल्या पांढऱ्या पेशी पंपाने वाहवत होती. पेशींच्या अंगावरचे रिसेप्टर, म्हणजे पकड घेणारे रेणू, लेपाला धरत, आणि पेशी वाहून न जाता काचेवर गडगडत राहत. प्रवाह कमी केला की त्यांनी आणखी घट्ट धरायला हवं होतं. त्या चक्क सुटायच्या! जोर वाढवला की पुन्हा धरायच्या. मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या होत्या, "अशक्य. पंपाचा दोष आहे. दुरुस्तीवाल्याकडून तसा रिपोर्ट घे आणि वहीतलं हे पान फाडून टाक."

त्याने पंप उघडला, जोडला, थेंबन् थेंब मोजला. स्टॉपवॉच तिच्या हातात. दर मिनिटाला ती "थांबा" म्हणायची, आणि तो पंपाऐवजी तिच्याकडे बघायचा.

"ठणठणीत आहे," तो शेवटी म्हणाला.

"मग पेशी कशा सुटतात ते दाखवलं असतं. पण आज रक्तदाताच आला नाही."

त्याने बाही वर केली. "फॉर्म द्या. सही कुठे करू?"

तासाभराने पडद्यावर त्याच्या पेशी गडगडू लागल्या. तिने प्रवाह कमी केला – सुटल्या. वाढवला – धरल्या!

"कशा वाटल्या माझ्या पेशी?"

"हट्टी."

"आईवर गेल्यात."

तेवढ्यात मॅडम आल्या. "रिपोर्ट?"

"पंपात दोष नाही," तो म्हणाला.

"मग तुझ्या हातात दोष असेल. पान फाड."

तिचे कान तापले. "नाही फाडणार, मॅडम. हवं तर मला प्रकल्पातून काढा. आकडे राहतील."

मॅडमनी स्वतः बटण फिरवलं. पेशी सुटल्या. उलट फिरवलं. धरल्या.

"पुन्हा कर," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

त्याने पेटी उचलली. त्याच्या मागोमाग तीही दारापर्यंत गेली.

"पंप तर ठीक आहे..." तो घुटमळला. "पण रक्त द्यायला येत जाईन."

"नुसतं रक्त द्यायला येणार असाल, तर आल्या पावली परत पाठवीन."

"मग... कशासाठी येऊ?"

"माझ्यासाठी," ती म्हणाली – मॅडमना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.