बोर्डावरचा आठ

"आज तुला माफ करायचं ठरवलंय मी," बाबा म्हणाले आणि चष्मा पुसू लागले... जणू टायर बदलायचं ठरवलं असावं!

चहा गाळता गाळता तिचा हात थबकला. तीन वर्षं! तीन वर्षांत बाबा तिच्याशी थेट एक शब्द बोलले नव्हते. काही हवं असलं तर ते भिंतीला सांगत, आणि भिंत ते इमानेइतबारे तिला कळवी. भावाला अंथरुणातून उचलून चाकाच्या खुर्चीत बसवणं, त्याच्या पाठीच्या जखमा धुणं, सारं त्या अबोल्याच्या सावलीत चाललेलं... आणि तरीही त्या एका वाक्याने तिचं अंतःकरण उचंबळून आलं!

"पण एक अट आहे. काय चुकलं ते त्याच्यासमोर एकदा तोंडाने कबूल कर."

धाकटा खिडकीशी खुर्चीत बसला होता. कमरेखालचं शरीर त्याला सोडून गेलं होतं. तीन वर्षांपूर्वीच्या त्या मोटरसायकल शर्यतीची आठवणही गेली, असं तो डॉक्टरांना सांगत आला होता.

काय चुकलं होतं? टीमच्या मोटरसायकलींचं इलेक्ट्रॉनिक्स ती सांभाळायची. मागचं चाक घसरू लागलं की इंजिनाचा जोर आपोआप आवरणारं ट्रॅक्शन कंट्रोल, त्याचे एक ते आठ टप्पे. जुन्या यंत्रात आठ म्हणजे सर्वांत जास्त मदत. त्या मोसमात नवं यंत्र आलं, आणि ते बनवणाऱ्या शहाण्यांनी आकडे उलटे केले: एक म्हणजे भरपूर मदत, आठ म्हणजे तुमचं तुम्ही बघा. तिने चार ठिकाणी कागद चिकटवले. पण बाबा एके काळचे विजेते, आणि विजेते कागद वाचत नाहीत. नवव्या फेरीला भुरभुर सुरू झाली, ट्रॅक ओला झाला, आणि लेकाच्या काळजीने कासावीस झालेल्या त्या बापाने ट्रॅकच्या कडेवरून सूचनेचा बोर्ड उंच धरला... आठ! चौदाव्या वर्षापासून बापाचा बोर्ड पाळत आलेल्या अंगठ्याने डोक्याला न विचारता बटण दाबलं. पुढच्याच वळणावर गाडीने त्याला भिरकावलं. अंगातला एअरबॅगचा सूट तो जमिनीवर आदळण्याआधीच फुगला होता. मान वाचली, बरगड्या वाचल्या. कण्याचा खालचा भाग त्याच्या आवाक्याबाहेर होता.

बटण आठवर गेल्याची मशीनमधली नोंद वाचणारी ती एकटीच. ती वाचून ती इस्पितळात धावली, तेव्हा बाबा पायऱ्यांवर बसून हुंदके देत होते, "माझ्या हातून काही झालं असतं ना, तर मी जगलो नसतो गं!" त्या संध्याकाळी तिने अहवालात लिहिलं: आकडे माझ्याकडून उलटे भरले गेले. खाली सही. नोकरी गेली, ठरत आलेलं लग्न गेलं. अबोला तेवढा कायमस्वरूपी मिळाला.

"आकडे... माझ्याकडून उलटे भरले गेले," ती आता म्हणाली. "त्याने मदत वाढवायला बटण दाबलं, आणि मी... चूक माझी, बाबा! फक्त माझी!"

बाबांचा हात तिच्या मस्तकावर आला. "रडू नकोस पोरी. झालं गेलं. मला समाधान एकच, मी माझं काम चोख केलं. थेंब पडला नि लगेच बोर्ड धरला."

"हो बाबा," धाकटा म्हणाला. "आठ. स्वच्छ दिसला होता."

ती चमकली. त्याच्या डोळ्यांत प्रश्न नव्हता, आश्चर्य नव्हतं...

"अरे, तुला आठवतंय! अगं, ऐकलंस का, याला आठवायला लागलं!" बाबा लहान मुलासारखे टाळी वाजवून डॉक्टरांना फोन लावायला आत पळाले.

"कधीपासून?" तिने कुजबुजत विचारलं.

"पहिल्या दिवसापासून, ताई."

"आणि गप्प राहिलास?"

"तू सही करून आली होतीस. मी तोंड उघडलं असतं तर तू सुटली असतीस आणि बाबा गेले असते. मी बाबांना ठेवून घेतलं... तुझ्या जिवावर. रोज तू मला उचलतेस ना, तेव्हा वाटतं, एकदा तरी टाकून द्यावंस!"

तिने त्याच्या गुडघ्यांवर डोकं टेकलं. त्याला ते जाणवलं नाही. दिसलं, तेव्हा त्याने तिच्या केसांवर हात ठेवला. दोघं आवाज न करता रडू लागली, कारण दार उघडं होतं, आणि आतून बाबांचा आवाज येत होता,

"हो हो डॉक्टर, आकडासुद्धा अगदी बरोबर सांगितला त्याने!"