सौम्य चित्रपटांची यादी

दिवाळीच्या सुट्टीला आठ दिवस उरले होते आणि बालचित्र परीक्षण केंद्राची यादी अडकून पडली होती. घरोघरी तीन ते पाच वर्षांची पोरं पडद्यासमोर बसवून आईबाप कामाला निघणार. त्यांना काय दाखवायचं ते डॉ. मृणाल बापट ठरवत असे आणि लोक तिच्या यादीवर डोळे झाकून विश्वास ठेवत.

तिचं साधन म्हणजे भयमापक. मुलाच्या मनगटाला मऊ पट्टी बांधायची. नाडी आणि घाम यांवरून ती भीतीचा आकडा दाखवते. आकडा चाळीसच्या वर गेला की चित्रपट बाद. पण आज बदकाच्या पिल्लाचा साधासुधा चित्रपट, जो गेल्या महिन्यात बारावर थांबला होता, तो एकावन्नवर गेला.

"यंत्र बिघडलंय," मृणाल म्हणाली.

"यंत्र ठणठणीत आहे, मॅडम," अभियंता इरफान मुल्ला म्हणाले. "आज शेवंताताई नाहीत. भाचीच्या हळदीला गेल्यात."

शेवंताताई केंद्रातल्या मदतनीस. चित्रपट चालू असताना त्या मुलांमध्ये फतकल मारून बसत, एकाला मांडीवर घेत, दुसऱ्याला थोपटत. प्रयोगाच्या नोंदीत खोलीचं तापमान होतं, सतरंजीचा रंगसुद्धा होता. शेवंताताई नव्हत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

"म्हणजे आपण चित्रपट मोजलेच नाहीत?"

"लहान मूल शेजारच्या माणसाची नाडी उचलतं," मुल्ला म्हणाले. "तो माणूस शांत, तर मूल शांत. आपण सात वर्षं ताईंना मोजत होतो."

दुसऱ्या दिवशी ताई आल्या. मुद्दाम वादळाचा चित्रपट लावला. "वारं सुटलं तर घोंगडं घ्यायचं, त्यात काय घाबरायचं?" असं ताई मुलांना सांगत राहिल्या आणि आकडा अठराच्या वर गेला नाही.

मृणालला फार अपराधी वाटलं. तिचा चार वर्षांचा निहार याच यादीतले चित्रपट एकटा बघत आला होता. पोरगं कधी रडत नाही, हे ती कौतुकानं सांगायची.

तिनं यादीच्या डोक्यावर एक अट लिहिली: मूल मोठ्या माणसाच्या मांडीवर हवं. पाठवण्याआधी खात्री करायला ती चार वाजताच घरी गेली. निहारला पट्टी बांधली, बदकाचं पिल्लू लावलं आणि त्याला मांडीवर घेतलं. केंद्राच्या संचालकांच्या फोननं तिचा मोबाइल सारखा थरथरत होता. यादी कुठे आहे?

आकडा उतरायला हवा होता. तो चढला. पस्तीस, चव्वेचाळीस, सत्तावन्न. पडद्यावर पिल्लू नुसतं पोहत होतं.

क्षणभर विचार करून तिनं पट्टी सोडली आणि स्वतःच्या मनगटाला बांधली. बासष्ट.

निहारनं आकड्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि तिचा हात थोपटायला लागला.

"घाबरू नको," तो म्हणाला. "मी खूपदा बघितलाय. शेवटी त्याची आई येते."