दुसरी करवंटी

हेआमोनीचा हात मोडला तो मांडवाचे पत्रे ठोकताना. डावं मनगट. प्लास्टर मीच घातलं आणि सहा आठवडे हात हलवायचा नाही म्हणून बजावलं.

"आत्या, पंधरा दिवसांवर आलाय माझा सोहळा," तो म्हणाला.

"मग? राजाचं नाव डोक्यावर घ्यायचंय. मनगटावर नाही."

तो हसला. त्याची आई गेली तेव्हा तो दोन वर्षांचा होता. आठव्या वर्षापर्यंत मीच त्याला वाढवला, मग माझा भाऊ, त्याचा बाप, त्याला ऑकलंडला घेऊन गेला. गेल्या वर्षी भाऊही गेला आणि मोआलाऊ राजाचं नाव धरायला पोरगा बेटावर परत आला. राज्य कधीच संपलंय. नाव तेवढं उरलंय, आणि नावाबरोबरची कावाची बैठक. कावा म्हणजे मुळी कुटून केलेलं पेय, मानाच्या क्रमानं करवंटीतून प्यायचं.

मी आमच्या मोटुलेआ बेटाच्या दवाखान्यात एकतीस वर्षं नर्स आहे. ताप मोजते, टाके घालते. भुताखेतांचं कुणी सांगायला लागलं की आधी त्याचा रक्तदाब बघते.

दोन दिवसांनी सिउपेलीकाका दवाखान्यात आले आणि पश्चिमेच्या खिडकीखालच्या बाकावर बसले. बैठकीत कुणाची करवंटी भरली हे नाव घेऊन पुकारायचं काम त्यांच्या घराण्याचं.

"लोसालिने, एका सकाळपुरतं काप ते प्लास्टर."

"हाड वाकडं जुळलं तर तुम्ही सरळ करणार का?"

"त्याला टाळी वाजवता यायला हवी."

"मांडीवर वाजवेल. एक हात धड आहे त्याचा."

काकांनी मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाले, "उशीर नको व्हायला. एवढंच."

काय म्हणायचं होतं ते मला कळत होतं. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. पुकारा झाला की ज्याचं नाव त्यानं दोन टाळ्या वाजवायच्या, आणि करवंटी नेणारीनं मान खाली घालून टाळीच्या दिशेनं जायचं. तोंड बघायचं नाही.

पहिला मोआलाऊ पूर्वेच्या हाहाके गादीचा राजा. त्याची आई पश्चिमेच्या हिहिफो गादीची. म्हणजे हिहिफोचा राजा त्याचा सख्खा मामा, आणि भाच्यानं मामाचं काहीही उचललं तरी मामानं नाही म्हणायचं नाही, ही आमची रीत. लोक डुक्कर उचलतात, चटया उचलतात. मोआलाऊनं भर बैठकीत, मामानं टाळी वाजवल्यावर, नेणारीच्या हातातून मामाची करवंटी घेतली आणि पिऊन टाकली. करवंटी गेली म्हणजे गादी गेली. ओहोटी लागली होती; मामा उठला, खडकांवरून पश्चिमेला चालत गेला आणि परत आला नाही.

पुढे मोआलाऊनं एक्केचाळीस वर्षं राज्य केलं, आणि चांगलं केलं. दोन्ही बाजूंची मारामारी थांबवली, सगळ्यांसाठी एक विहीर खणली, हिहिफोच्या पोरी हाहाकेत नांदू लागल्या. बैठकीत त्याच्यासाठी त्याचं आणि मामाचं अशी दोन नावं पुकारत, तो दोन्हींना टाळी देई, दोन्ही करवंट्या पिई. मामाची चटई मात्र पश्चिमेला रिकामी अंथरलेली असे. म्हातारपणी एकदा तो आजारी होता, हात उचलेनात. दुसऱ्या नावाला त्याची टाळी उशिरा झाली आणि करवंटी रिकाम्या चटईकडे गेली. त्यातून तो बरा झाला, पण त्यानंतर रोज सकाळी ओहोटी किती वाजता, एवढंच विचारायचा. पावसाळा संपायच्या आत तोही खडकांवरून चालत गेला.

ही गोष्ट. मी तिच्यासाठी हाड वाकडं करणार नव्हते.

सोहळ्याच्या सकाळी ऊन चढलं होतं. भट्टीतल्या रताळ्यांचा वास सगळीकडे पसरला होता. पुरुष गोल करून बसले, मी बायकांबरोबर मागे. हेआमोनी पूर्वेला, कमरेला मानाची म्हणून गुंडाळलेली त्याच्या आजोबांची चटई, हात गळ्यातल्या झोळीत. समोर, पश्चिमेला, ती रिकामी चटई. नारळाच्या काथ्यातून कावा गाळला जात होता. त्याचा मातीसारखा वास आला आणि सगळे सरसावून बसले.

काकांनी पहिलं नाव पुकारलं. हेआमोनीनं मांडीवर दोन थापा मारल्या. खणखणीत वाजल्या. लुसेआने, आमच्या शेजारची मुलगी, करवंटी घेऊन गेली. तो प्यायला. बघा, असं मी मनात काकांना म्हटलं.

करवंटी परत आली, पुन्हा काठोकाठ भरली. काकांनी दुसरं नाव पुकारलं.

झोळीची गाठ सरकली होती. हेआमोनीनं उजव्या हातानं ती सावरली. एका श्वासाचा उशीर.

टाळी वाजली.

दोन हातांची. सावकाश. दोनदा.

पश्चिमेकडून.

कुणी मान वळवली नाही. हेआमोनीनं घाईघाईनं मांडीवर थाप मारली, पण लुसेआने मान खाली घालून निघाली होती. टाळीच्या दिशेनं. तिला तेच शिकवलं होतं.

मला भीती वाटली. एकतीस वर्षांत वाटली नव्हती इतकी.

भाच्यावर आत्याचा हक्क चालतो, मामावर भाच्याचा चालतो तसाच. त्याच्या ताटातलं, त्याच्या अंगावरचं काहीही मी उचलू शकते. मी उठले. करवंटी नेणारीशिवाय गोलाच्या मधून बाई कधी जात नाही, मी गेले.

लुसेआने चटईपाशी वाकली होती, करवंटी दोन्ही हातांनी पुढे धरून. मी ती तिच्या हातातून घेतली.

हलकी लागली.

आत थेंब नव्हता. चटई कोरडी होती. करवंटीची कड तेवढी ओली होती.

सगळे माझ्याकडे बघत होते. हेआमोनी बघत होता. मी करवंटी तोंडाला लावली, मान मागे टाकली आणि तीनदा आवंढा गिळला.

गोलातून सुटकेचा सुस्कारा आला. कुणीतरी म्हणालं, "आत्या असावी तर अशी." हेआमोनी हसत होता.

जेवताना सिउपेलीकाका माझ्या शेजारी येऊन बसले.

"कशी होती?"

"कडू," मी म्हटलं.

डुकराचं मांस त्यांच्या पानात तसंच राहिलं.

चार आठवडे मी रोज सकाळी काहीतरी निमित्त काढून त्याच्या घरी जात होते. पोरगा नीट खात होता, झोपत होता, माझी थट्टा करत होता. नाडी बहात्तर. ताप नाही. हळूहळू मलाही नीट झोप लागायला लागली.

काल दवाखान्यात त्याचं प्लास्टर कापलं. हाड सुरेख जुळलं होतं. मी मनगट फिरवून बघितलं, बोटं दाबून बघितली.

"दुखतंय?"

"अजिबात नाही."

"वाजव बघू टाळी."

त्यानं माझ्या डोळ्यांसमोर दोनदा टाळी वाजवली. तळवे तळव्यांवर आपटलेले मी पाहिले.

आवाज माझ्या पाठीमागून आला. पश्चिमेच्या खिडकीखालच्या रिकाम्या बाकावरून.

"वाजली ना?" तो हसत म्हणाला.

"वाजली," मी म्हटलं.

तो उठला, खिडकीपाशी गेला, आणि उद्या ओहोटी किती वाजता आहे, असं त्यानं मला विचारलं.