झिंगूची सीट

रईसचं दुकान स्पीकर दुरुस्तीचं. चंद्रपुरात कुठल्याही मांडवात स्पीकर फाटला की तो रईसकडेच यायचा. त्यामुळे अश्विननं बोलावलं ते साध्या कामालाच, भूतबित मनातही नव्हतं. दोन हजार पाचचा मे महिना. भरदुपारी गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं.

अश्विन शाळेपासूनचा दोस्त. दोघांनाही पायलट व्हायचं होतं, झाला कोणीच नाही. पण अश्विनच्या घरी कॉम्प्युटर आला आणि पठ्ठ्यानं मागच्या खोलीत प्लायवूडचं कॉकपिटच उभं केलं. बटणं, दांडा, पायात पेडल, समोर पडद्यावर विमान! अख्खा मोहल्ला बघायला लोटायचा. रईसच्या पोटात असं दुखायचं, की सांगायची सोय नाही. स्वप्न दोघांचं, आणि खुर्चीत बसणार एकटा हा!

“सारं जमलं भाऊ, पण विमान हालतच नाई,” अश्विन म्हणाला. “इंजिनाची थरथर बुडाले लागली पायजे. हे तुलेच जमते.”

“मग सीट बी बदल. प्लास्टिकच्या खुर्चीत काय थरथरन? मी आणतो.”

बाबूभाईच्या भंगारात एक रीत होती. अपघातात ड्रायव्हर गेला, तर त्याची सीट बाबूभाई कधी विकत नसे. ती जाळायची, मग लोखंड तेवढं ढिगात टाकायचं. झिंगूची सीट तेवढी जाळायची राहिली होती. हा झिंगू आलापल्लीहून ट्रकनं सागवान आणायचा; एका उतारावर ब्रेक लागला नाही. बाबूभाई नमाजला गेला तेव्हा रईसनं ती सीट गुपचूप उचलली. का? जळफळाटापायी, दुसरं काय! बस लेका मेलेल्याच्या जागेवर.

मोठ्या स्पीकरचा कागद कापून त्यानं आतल्या कॉइलवर लोखंडाचा तुकडा चिकटवला, सीटखाली बोल्टनं आवळला, वायर अॅम्प्लिफायरला जोडली. पडद्यावर इंजिन सुरू झालं आणि सीट थरथरली.

“अरे बापा! खरंच उडून राह्यलो!” अश्विन ओरडला. बघणाऱ्यांनी टाळ्या पिटल्या. रईसचं नाव कोणी घेतलं नाही, आणि तो आणखीनच जळला.

चौथ्या दुपारी अश्विन पाणी आणायला आत गेला, तसा रईस हळूच सीटवर बसला. तेवढ्यात लाइट गेली. रोजचंच लोडशेडिंग. कूलर थांबला, पडदा काळा झाला. सीट मात्र थांबली नाही.

ही थरथर विमानाची नव्हती. जड, डिझेलची... पहिला गिअर. दुसरा. तिसरा. खोलीत ओल्या सागवानाचा आणि बिडीचा वास भरला. इंजिन कण्हत चढाव चढत होतं. रईसची पाचावर धारण बसली. दारात अश्विनचं पाऊल वाजलं आणि सगळं थांबलं.

“अश्विन... हे झिंगूची सीट आहे रे. मी जळूनच आणली होती. काढ हिले.”

अश्विन हसला. “तुले पहिल्यापासून पाहावत नाई. आता लोकं वाहवा करून राह्यले, त भुताच्या गोष्टी सांगतं?”

खोटं काय होतं त्यात? सीटला तर अश्विन हात लावू देईना. शेवटी रईसनं आपला स्पीकर तेवढा काढला आणि दुकानात टेबलावर आणून ठेवला. निदान थरथर तरी बंद होईल, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दुपारी लाइट गेलेली असताना दुकानातला फोन वाजला.

“रईस, राग नको मानू भाऊ.” अश्विन खुशीत होता. “दुसरा स्पीकर कवा बसवून गेला? लाइट नाई तरी लय भारी चालून राह्यला! मघापासून चढावच होता... आता उतार लागला.”

“अश्विन, उठ तिथून! मी काईच नाई बसवलं!”

“थांब ना... पेडल दाबून राह्यलो...” आवाज बारीक झाला. “रईस... हे लागून नाई राह्यलं रे...”

टेबलावरचा स्पीकर थरथरू लागला. वायर नव्हती त्याला. रईसनं दोन्ही हातांनी तो दाबून धरला, सगळं अंग त्यावर टाकलं. “सोड त्याले, झिंगूभाऊ... चूक माही आहे...”

एक जबर हिसका बसला. स्पीकर गप्प झाला.

फोन चालूच होता. पलीकडे अश्विन बोलत नव्हता, नुसता हॉर्न वाजत होता, लांबलचक, न थांबता. अश्विनच्या कॉकपिटला हॉर्न नव्हता.