जिंकलेल्या सामन्याचा चेंडू

"सोमवारी इंग्लंडला लोळवलं, आणि शनिवारी आमच्या चेंडूची ही दशा!" क्लबचे चिटणीस किन्नेअर कडाडले.

दोन देशांमधला रग्बीचा हा पहिलाच सामना. एडिंबराच्या या क्लबने तो जिंकून चेंडू काचेच्या कपाटात कौतुकाने मांडला होता. आता त्याचं नुसतं चिपाड उरलं होतं. कुलूप मात्र शाबूत.

"किल्ली या लॅकलनकडे. बारापर्यंत चोर सापडला नाही, तर हाच कोठडीत जाईल!"

म्हातारा दारवान रडकुंडीला येऊन तपासाला बोलावलेल्या गिलक्रिस्टकडे वळला. "गिलक्रिस्टसाहेब, दोघांनाच कपाट उघडून दिलं हो! एक रॅमसे, संघातून वगळलेला. दुसरा चेंडू बनवणारा डूगल. चेंडू गुरुवारपासून जरा मऊ पडला होता. काल डूगल येऊन कातड्याला तेल लावून गेला. जाताना कोट पोटाशी धरून, अगदी जपून चालत होता. बिचारा! परवाच बायकोला माती दिलीय."

क्लबचे डॉक्टर मोफॅट चुळबुळले. डूगलची बायको एल्स्पेट त्यांचीच रोगी. चेंडूतले फुगे तोंडाने फुंकू नका, छाती जाईल, असं तिला हिवाळाभर बजावलं होतं. पण ऐकतंय कोण!

रॅमसे गुरगुरतच आला. "हो, चेंडूत चाकू खुपसीन म्हणालो होतो! प्यालो होतो. म्हणून काय खुपसला?"

"हाच तो," डॉक्टर कुजबुजले.

गिलक्रिस्टने चेंडू पुढे केला. "मग चीर दाखवा, डॉक्टर."

चीर कुठेच नव्हती. चामड्याची वादी नेटकी ओवलेली, गाठसुद्धा आत दडवलेली.

"आता दाबा. कातड्याला कातडं लागतंय. आतला फुगाच नाही."

"डुकराच्या मूत्राशयाचा घाणेरडा फुगा? तो कोण चोरेल?"

"रागाने आलेला माणूस कापून जातो. याने वादी सोडली, मऊ पडलेला फुगा अलगद काढला आणि कारागिराच्या सफाईने वादी पुन्हा ओवली. तेल लावायला वेळ लागतोच. लॅकलनला संशय कसा येणार? फुगा कोटाखालून गेला. त्याला किंमत नाही, डॉक्टर. पण त्यात काय होतं?"

"हवा," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उतरला. "अरे देवा! एल्स्पेटने फुंकलेली."

डूगल दुकानात फुगा मांडीवर घेऊन बसला होता. शेजारी एल्स्पेटची फुंकायची मातीची नळी. गिलक्रिस्टने लॅकलनवर आलेला आळ सांगितला.

"लॅकलनला सोडा, माझं नाव लिहा," तो म्हणाला. "हा तिचा शेवटचा. हा फुंकला आणि तिने अंथरूण धरलं. दोन्ही संघांच्या मिळून चाळीस जणांनी लाथाडला, गाव नाचलं. उरलासुरला तरी मला ठेवू द्या."

"चला डूगल, बारा वाजत आले," गिलक्रिस्ट हळूच म्हणाला.

"येतो ना. डॉक्टर, तेवढी गाठ घट्ट करून देता? कालपासून कमी होतोय."

डॉक्टरांनी दोरा घेतला. हवा गाठीतून नाही, त्या पातळ कातडीतूनच जात होती, हे त्यांना कळत होतं. तरी त्यांनी एकावर एक तीन गाठी मारल्या.

"आता नाही ना जायची?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. फुगा त्यांच्या बोटांखाली सुरकुतला होता.