पॉलिश आधी, कापड नंतर

आमची पहिली भेट झाली ती एका मोडक्या खुर्चीची दोन टोकं धरून. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यातली खुर्ची न्यायला एक सुतार बोलावला होता, आणि ते विसरून मलाही बोलावलं होतं. मी खुर्च्या-सोफ्यांना फोम आणि कापड बसवते.

"सोडा," मी म्हटलं. "बैठक फाटलीय, म्हणजे काम माझं."

"पाय मोडलाय, तो माझा."

"तुमचा मोडलाय?"

"खुर्चीचा हो!"

त्याच्या कानामागे पेन्सिल होती आणि पापण्यांवर लाकडाचा भुसा. त्या भुशानं माझी विकेट काढली, कबूल करते.

चार महिन्यांत आम्ही भागीदारीत वर्कशॉप थाटलं. 'तुम्ही'चं 'तू' झालं. मी कापड कापत असले की तो उगाच खांद्यावरून डोकवायचा... आणि मी उगाच त्याचा टेप धरायला जायचे. लाकूड जेमतेम दोन फुटांचं असायचं! कुणी काय करायचं हे ठरवायचं मात्र राहूनच गेलं. "करू की दोघं मिळून," एवढ्यावर भागत होतं.

मग डॉक्टरीणबाईंनी वेटिंग रूमच्या बाराही खुर्च्या दिल्या. मला वाटलं पॉलिश पूर्ण झालंय, म्हणून मी साईच्या रंगाचं कापड ताणून बसवलं. त्याला वाटलं हे आतलं अस्तर आहे, म्हणून त्यानं बिनधास्त पॉलिशचा दुसरा हात मारला. बाराच्या बारा बैठकांच्या कडा तपकिरी! बाई आल्या, बघितलं, "सोमवारपर्यंत नीट करा, नाहीतर मी दुसरीकडे देते," म्हणाल्या आणि गेल्या.

तो बराच वेळ रंधा पुसत बसला. मग खाली बघूनच म्हणाला, "आपण... वेगळं व्हायचं का? तुझं तुला, माझं मला."

वर्कशॉप काय, मी दुसरं उभं करीन. पण हा गेला तर? रडू यायच्या आत मला राग आला, ते एक बरं झालं.

"का? माझ्याबरोबर जमत नाही?"

"जमतं गं. पण एक दिवस भांडण होईल. आणि तुझ्याशी भांडण... नको मला."

"हे बघ, आपल्या दोघांना काम येतं. कुठलं काम कुणाचं, तेवढं ठरलेलं नाही. बस इथे. कागद घे."

माझी ताई वकील आहे. भागीदारीचा करार करा म्हणून ती कधीची मागे लागली होती. मी लिहायला लागले.

"लाकूड, सांधे, पॉलिश?"

"मी."

"फोम, कापड, शिलाई माझी. पॉलिश वाळलं, आता कापड लाव, हे कुणी सांगायचं?"

"मी. प्रत्येक खुर्चीखाली खडूनं तारीख टाकीन."

"गिऱ्हाइकांशी बोलणं?"

"तू. मी कुणाला नाही म्हणूच शकत नाही."

"आणि आपलं पटलं नाही तर?"

"लाकडात माझं ऐकायचं. बाकी सगळ्यात... तुझं."

"मस्का लावतोयस."

"खरंच सांगतोय." तो हसला, आणि माझा हात कागदावर थांबला.

"एक काम उरलंय," मी म्हटलं.

"कुठलं?"

"मला तू आवडतोस, हे तुला सांगायचं. तुझ्यावर सोपवलं असतं तर म्हातारपणी ऐकायला मिळालं असतं. म्हणून ते माझ्याकडे घेतलं. आणि झालंसुद्धा."

त्याची पेन्सिल खाली पडली. ती उचलायला तो वाकला तो वाकलाच. वर आला तेव्हा कान लालभडक.

"मग... हो म्हणायचं काम माझ्या नावावर टाक."

"टाकलं. कधी करतोस?"

"हो," तो म्हणाला. "हो, हो."

सोमवारी बाराही खुर्च्या नव्या कापडात दवाखान्यात पोचल्या. मंगळवारी ताईनं आमचा कागद वाचला, चष्म्यावरून आम्हा दोघांकडे बघितलं आणि विचारलं, "भागीदारीची मुदत किती वर्षं लिहू?"

मी तोंड उघडायच्या आत, पहिल्यांदाच, तो बोलला.

"मुदत नको, ताई."